विक्रम साराभाई आणि औंढ्याचा माळ

मार्च-एप्रिल आला की हिंगोली जिल्ह्यात हळद शिजवण्याची घाई सुरू होते. शिजवलेली हळद पुढे बरेच दिवस उघड्यावर उन्हात वाळवावी लागते. त्या दिवसांत अवकाळी पावसाची एक सर आली तरी हळदीचा रंग उतरतो आणि बाजारात भाव पडतो. म्हणून वसमत-औंढ्याचा शेतकरी सकाळी आधी मोबाइलवर पावसाचा अंदाज बघतो. त्या अंदाजामागे जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून ढगांची चित्रे पाठवणारे इन्सॅट मालिकेतले भारतीय उपग्रह असतात.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. काटकोनात मांडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचे किरण जातील. दूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाश किंचित ताणले जाते. ते प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असलेले ताणणे या किरणांतून ओळखता येते. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी ही लहर प्रथम टिपली. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये हिंगोलीच्या प्रकल्पासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जागा, इमारती आणि प्रचंड निर्वात यंत्रणा भारताची आणि लेसर-आरशांसारखे नाजूक मुख्य भाग अमेरिकेचे, अशी ही भागीदारी आहे.

परक्याचे यंत्र घ्यावे का, आणि घेतले तर त्यातून आपण काय शिकावे, हा प्रश्न औंढ्याच्या माळावर आज नव्याने आलेला नाही. साठ वर्षांपूर्वी एका माणसाने तो देशासमोर मांडला आणि त्याचे उत्तर कामातून दिले. ते डॉ. विक्रम साराभाई. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १९९९ साली झाला. साराभाईंचे निधन त्याच्या २७ वर्षे आधीच झाले होते.

विक्रम अंबालाल साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादला झाला. वडील अंबालाल हे बडे गिरणीमालक. आई सरलादेवींनी आपल्या आठ मुलांसाठी शाहीबागेतल्या बंगल्यातच शाळा काढली होती. महात्मा गांधी, रवींद्रनाथ टागोर, जवाहरलाल नेहरू, सी. व्ही. रामन अशी मंडळी त्या घरी येत. विक्रमची आत्या अनसूयाबेन यांनी १९१८ च्या गिरणी संपात सख्ख्या भावाविरुद्ध कामगारांची बाजू घेतली, तरी बहीण-भावाचे नाते तुटले नाही. मतभेद ठेवूनही एकत्र काम करता येते, हे या मुलाने घरातच पाहिले. पुढे अमेरिका, रशिया आणि फ्रान्स यांना एकाच आवारात कामाला लावताना त्यांना हेच संस्कार उपयोगी पडले असावेत.

गुजरात कॉलेजनंतर ते केंब्रिजला गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर मायदेशी परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. होमी भाभाही तेव्हा तिथेच होते. १९४२ मध्ये साराभाईंचा विवाह नृत्यांगना मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी झाला. विश्वकिरण मोजायला उंचावर जावे लागते, म्हणून त्यांनी काश्मीरच्या डोंगरांतही उपकरणे नेली. युद्ध संपल्यावर पुन्हा केंब्रिजला जाऊन १९४७ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि त्याच वर्षी स्वतंत्र झालेल्या देशात ते परत आले. त्या वेळी त्यांचे वय २८ होते.

११ नोव्हेंबर १९४७ रोजी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळेची स्थापना झाली. सुरुवात एका महाविद्यालयातल्या काही खोल्यांत झाली. त्याच काळात गिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था त्यांनी उभी केली. पुढे अहमदाबादची व्यवस्थापन संस्था सुरू करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

साराभाईंच्या आयुष्यातला एक भाग अवकाशाच्या गोष्टीत सहसा सांगितला जात नाही. तो औषधांचा आहे. जुन्या पिढीतल्या डॉक्टरांना आणि औषध विक्रेत्यांना बडोद्याच्या साराभाई केमिकल्सचे नाव चांगले आठवते. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात पेनिसिलिनसारखी जीव वाचवणारी औषधे बाहेरून येत. बोट उशिरा आली की न्यूमोनियाचा रुग्ण दगावायचा. साराभाई घराण्याच्या औषध कारखान्यांनी अमेरिकेतल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या कंपन्यांशी करार केले. विक्रम साराभाईंनी या कारखान्यांची सूत्रे हातात घेतल्यावर बडोद्यात स्वतंत्र संशोधन केंद्र काढले. कलकत्त्याची स्टँडर्ड फार्मास्युटिकल्स ही कंपनी घेऊन तिथे पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. करार बाहेरच्यांशी करायचा, पण आपली प्रयोगशाळा शेजारीच उघडायची, ही रीत त्यांनी रॉकेटच्या आधी औषधांत वापरून पाहिली होती.

पाय मोडल्यावर प्लॅस्टर घालतात आणि कुबडी देतात. कुबडी नको म्हणणारा रुग्ण पडतो. पण कुबडी घेऊन व्यायाम न करणाऱ्या रुग्णाच्या पायाचे स्नायू काही आठवड्यांतच सुकतात आणि मग हाड जुळले तरी पाय उचलत नाही. साराभाईंना कुबडीची लाज नव्हती. व्यायाम चुकवणे मात्र त्यांना मान्य नव्हते.

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. अवकाश हे दोन महासत्तांच्या चढाओढीचे मैदान बनले. उपग्रह वर नेणारे रॉकेट अण्वस्त्रही वाहू शकते, म्हणून या विद्येवर दोन्ही बाजूंचा कडक पहारा होता. अशा काळात, फेब्रुवारी १९६२ मध्ये, साराभाईंच्या अध्यक्षतेखाली भारताची अवकाश संशोधन समिती नेमली गेली. त्याच वर्षी चीनशी युद्ध झाले. धान्याची टंचाई होती. ज्या देशात खेड्यांत दवाखाना नाही, तिथे रॉकेट कशाला, असा प्रश्न अनेकांनी विचारला, आणि तो गैर नव्हता.

साराभाईंची भूमिका अशी होती की चंद्रावर माणूस पाठवण्याच्या शर्यतीत भारताने उतरण्याचे कारण नाही. पण हवामान, दळणवळण, शिक्षण आणि पिकांची पाहणी यांसाठी उपग्रह वापरायचे तर गरीब देशानेच ते आधी वापरायला हवेत. जिथे तारा, रस्ते आणि शिक्षक पोहोचलेले नाहीत, तिथे वरून येणारा संदेश सर्वांत जास्त उपयोगाचा.

चुंबकीय विषुववृत्त केरळच्या किनाऱ्यावरून जाते. वातावरणाच्या वरच्या थरांतल्या विद्युतप्रवाहांच्या अभ्यासाला ही जागा फार मोलाची. साराभाईंचे सहकारी, मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा जागेच्या शोधात मोठा वाटा होता. तिरुअनंतपुरमजवळचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडले गेले. तिथले चर्च आणि बिशपांचे घर लोकांच्या संमतीने प्रकल्पाला मिळाले. चर्चमध्ये प्रयोगशाळा थाटली गेली. रॉकेटचे भाग सायकलवरून नेल्याचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून पहिले रॉकेट उडाले. उलटगणती करणाऱ्या तरुण चमूत प्रमोद काळे हे मराठी अभियंते होते.

ते रॉकेट अमेरिकेचे होते. त्यातले सोडियम वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते. केंद्राला सोव्हिएत संघाकडून संगणक आणि हेलिकॉप्टर मिळाले. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे सारे देश एका चर्चच्या आवारात मदत करत होते. साराभाईंनी थुंबा केंद्र संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आणले, त्यामुळे सगळ्यांनाच तिथे येणे सोपे झाले. देणारे चार असले की एकाच्याच तालावर नाचावे लागत नाही, हा साधा हिशेब त्यामागे होता.

मात्र दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिताना विहिरीचे काम थांबले नव्हते. पहिल्या उड्डाणाच्या आधीच तरुण अभियंते अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आले होते. १९६५ मध्ये थुंब्याजवळच वेळी टेकडीवर स्वतःचे तंत्रज्ञान केंद्र काढण्यात आले. फ्रेंच सेंटॉर रॉकेट इथेच तयार करण्याचा परवाना घेतला गेला. परदेशातल्या भारतीयांना साराभाई स्वतः भेटून बोलावत. ब्रिटनमध्ये रॉकेट इंधनावर काम केलेले डॉ. वसंत गोवारीकर १९६७ मध्ये थुंब्याला आले आणि घन इंधनाचा पाया त्यांच्या चमूने घातला. २० नोव्हेंबर १९६७ रोजी भारतात बनवलेले पहिले रोहिणी रॉकेट उडाले. त्याचा व्यास जेमतेम ७५ मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढा होता.

जानेवारी १९६६ मध्ये होमी भाभा विमान अपघातात गेले आणि मे महिन्यात अणुऊर्जा आयोगाची जबाबदारीही साराभाईंवर आली. चीनने १९६४ मध्येच अणुस्फोट केला होता आणि भारताने बॉम्ब बनवावा असा दबाव होता. एका बॉम्बने सुरक्षा येत नाही, त्यामागे उद्योग, दळणवळण आणि अर्थव्यवस्थेचे बळ लागते, असे त्यांचे मत होते. या मतावर आणि एकाच वेळी इतक्या संस्था सांभाळण्यावर त्यांच्यावर टीकाही झाली.

महाराष्ट्रातल्या वाचकांना त्यांचे एक काम जवळचे वाटेल. परदेशाशी उपग्रहामार्फत दूरध्वनी जोडण्यासाठी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे भूकेंद्र उभारायचे ठरले. सगळे केंद्र परदेशी कंपनीकडून तयार विकत घेणे हा सोपा मार्ग होता. साराभाईंनी हे काम भारतीय अभियंत्यांना मिळावे असा आग्रह धरला. काही इलेक्ट्रॉनिक भाग बाहेरून आले, पण अजस्र अँटेना इथल्या लोकांनी उभी केली. १९७१ मध्ये केंद्र सुरू झाले. आज ते विक्रम भूकेंद्र म्हणून ओळखले जाते.

१५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली. पुढच्याच महिन्यात साराभाईंच्या प्रयत्नांतून अमेरिकेच्या नासाशी एक अनोखा करार झाला. अमेरिकेने एक वर्ष आपला उपग्रह वापरायला द्यायचा, आणि खेड्यांतले संच, अँटेना आणि कार्यक्रम भारताने तयार करायचे. त्यानुसार १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. त्यात मराठवाड्याच्या शेजारच्या गुलबर्गा भागातली गावेही होती. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि शाळकरी मुलांसाठीचे कार्यक्रम दाखवले गेले. जिथे परिचारिकाही क्वचित पोहोचत असे, तिथे बाळाच्या आहाराची माहिती पडद्यावर आली.

जुलै १९७६ संपला आणि प्रयोगही संपला. करार एका वर्षाचाच होता. अमेरिकेने उपग्रह परत नेला आणि ते प्रक्षेपण बंद झाले. उपग्रह दुसऱ्याचा असला की काय होते, हे यापेक्षा स्पष्ट कळले नसते. पण जमिनीवरची यंत्रणा उभारणारे, कार्यक्रम बनवणारे आणि संच दुरुस्त करणारे शेकडो लोक देशात राहिले. पुढे इन्सॅट मालिका आली. तिचे पहिले उपग्रह अमेरिकन कंपनीने बनवले. त्यातला पहिला १९८२ मध्ये काही महिन्यांतच बंद पडला, दुसऱ्याने मात्र काम केले. जुलै १९९२ मध्ये वर गेलेला इन्सॅट-२ए भारतात बनलेला होता.

साराभाईंनी यातले बरेचसे पाहिले नाही. डिसेंबर १९७१ मध्ये ते थुंब्यातल्या कामाच्या आढाव्यासाठी गेले होते. ३० डिसेंबरच्या रात्री जवळच्या कोवलम येथे झोपेतच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ५२. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे नंतर तर्क-वितर्क झाले. हृदयविकाराचा झटका हेच कारण सामान्यतः मानले जाते. अहमदाबाद, मुंबई, दिल्ली, तिरुअनंतपुरम असा सततचा प्रवास, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बैठका आणि विश्रांतीला जवळपास जागाच नाही, असा त्यांचा दिनक्रम होता. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो हे आज सर्वांना माहीत आहे. तेव्हा पन्नाशीतल्या, सडपातळ आणि सदा हसतमुख माणसाची कोणी त्या दृष्टीने तपासणी करत नसे.

माणूस गेला तरी त्यांच्या संस्था चालत राहिल्या. सोव्हिएत संघाशी सुरू केलेल्या बोलण्यांतून १९७२ मध्ये करार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी आर्यभट सोव्हिएत रॉकेटवरून कक्षेत गेला. म्हणजे त्याच वर्षी एका महासत्तेच्या रॉकेटवरून भारताचा उपग्रह गेला आणि दुसऱ्या महासत्तेच्या उपग्रहावरून भारताचे कार्यक्रम दिसले. १९७४ मध्ये फ्रान्सशी झालेल्या करारात भारताने पैशांऐवजी आपल्या अभियंत्यांचे श्रम दिले. ते फ्रेंच इंजिनाच्या कामात सहभागी झाले आणि बदल्यात तंत्र घेऊन आले. त्यातून विकास इंजिन तयार झाले. १८ जुलै १९८० रोजी भारताने स्वतःच्या रॉकेटने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला.

दार बंद झाले तर काय होते, तेही पुढे दिसले. जड उपग्रहांसाठी अतिशीत इंधनाचे इंजिन लागते. १९९१ मध्ये भारताने त्यासाठी रशियन संस्थेशी करार केला. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाचे कारण देत अमेरिकेने १९९२ मध्ये निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्र देण्यास नकार दिला. तयार इंजिने मिळाली, पण ती बनवण्याची विद्या मिळाली नाही. स्वदेशी अतिशीत इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण ५ जानेवारी २०१४ रोजी झाले. मधली दोन दशके जड उपग्रह पाठवण्यासाठी भारताला बहुतांशी परदेशी रॉकेटांचे भाडे मोजावे लागले.

दुसरे उदाहरण घड्याळांचे. मोबाइलवर रस्ता दाखवणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकी सैन्याची आहे. रशिया, युरोप आणि चीनने आपापल्या यंत्रणा उभारल्या, तशी भारताने नाविक उभारली. अशा उपग्रहाचे हृदय म्हणजे अणुघड्याळ. सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाची चूक झाली तरी जमिनीवर सुमारे ३० सेंटीमीटरचा फरक पडतो. नाविकच्या पहिल्या उपग्रहांत युरोपातून आणलेली घड्याळे होती. त्यांतली अनेक बंद पडली. पहिल्या उपग्रहाची तर तिन्ही घड्याळे गेली. उपग्रह वर शाबूत होता, पण दिशा सांगण्याच्या कामाचा राहिला नाही. मे २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहात प्रथमच भारतात बनलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले. परदेशी यंत्राचा एक सुटा भाग मिळाला नाही की रुग्णालयातले लाखोंचे उपकरण कसे झाकून ठेवावे लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही.

हा धागा पुन्हा औंढ्याच्या माळावर येतो. साराभाईंनी स्थापन केलेल्या अहमदाबादच्या प्रयोगशाळेत १९८२ मध्ये प्लाझ्मा भौतिकीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातून १९८६ मध्ये गांधीनगरजवळची प्लाझ्मा संशोधन संस्था जन्मली. लायगो-इंडियाच्या निर्वात यंत्रणेची जबाबदारी याच संस्थेकडे आहे. इंदूरचे राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि पुण्याची आयुका या तिच्या सहकारी संस्था आहेत.

लेसर आणि आरसे अमेरिकेतून येणार, यात कमीपणा काहीच नाही. थुंब्याचे पहिले रॉकेटही तिथलेच होते. पण परिस्थिती बदलू शकते, हे लक्षात ठेवायला हवे. अमेरिकी सरकारच्या २०२६ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तिथल्या दोन लायगो वेधशाळांपैकी एकच चालू ठेवण्याची सूचना होती. मित्रदेशाचा हात आखडता झाला तर औंढ्याची यंत्रणा चालवणारे, दुरुस्त करणारे आणि पुढची पिढी घडवणारे लोक आपल्याकडे असले पाहिजेत. साराभाई थुंब्यात आधी माणसे तयार करत आणि मग यंत्र मागवत. हिंगोली, नांदेड, परभणीच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना या नळ्यांच्या आत चालणारे काम शिकायला मिळते का, ते तिथे केवळ पहारेकरी म्हणून लागतात की तंत्रज्ञ म्हणून, यावर या वेधशाळेचा जिल्ह्याला होणारा उपयोग ठरेल.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या भारतीय यानाचे नाव विक्रम होते. त्याला तिथवर नेणाऱ्या रॉकेटमध्ये विकास इंजिने होती आणि वरच्या टप्प्यात, एके काळी नाकारले गेलेले आणि मग घरीच बनवलेले, अतिशीत इंजिन होते.